स्टाफरूममधलं खरं आणि पेपरमधलं खरं

बरीच वर्षं इंग्रजी शिकवून झाल्यावर मी परत अभ्यासाला बसले, अप्लाइड लिंग्विस्टिक्सला, म्हणजे भाषा कशी शिकली-शिकवली जाते वगैरेच्या अभ्यासाला, नोकरी सांभाळून. हे सांगितलं की लोक ठरलेले दोन प्रश्न विचारतात, आता कशाला आणि पगार वाढणार का. दुसऱ्याचं उत्तर मलाही कळलेलं नाही आणि पहिल्याचं दर सेमिस्टरला बदलतं म्हणून मी देत नाही. पण तिसरा एक प्रश्न असतो जो फक्त शिक्षक विचारतात, तोही आजूबाजूला कोणी नाही बघून, की काय गं, आपल्याला माहीत नाही असं खरंच काही असतं का तिथे? आजची पोस्ट त्यावर आहे, कारण हे उत्तर फोनवर सांगायला गेलं की एकतर मी फार शहाणी झाल्यासारखी वाटते नाहीतर फी वाया गेल्यासारखी.

आधी स्टाफरूमबद्दल. कुठल्याही इंग्रजीच्या शिक्षकांच्या स्टाफरूममधे काही वाक्यं कायमची मुक्कामाला असतात. नियम विचारला की घडाघडा सांगतात पण बोलताना तोच चुकवतात. चूक तिथल्या तिथे सुधारली नाही तर पक्की होते. शब्दसंग्रह नाही म्हणून बोलत नाहीत. आधी ग्रामर पक्कं करा, बाकी आपोआप येतं. ही वाक्यं आम्ही एकमेकांना इतक्या वेळा ऐकवलीयेत की ती कोणी पहिल्यांदा म्हटली ते कोणालाच आठवणार नाही, आणि त्यांच्यावर कोणी हरकतही घेत नाही कारण पुढचा तास सुरू व्हायचा असतो.

आता हीच वाक्यं असाइनमेंटमधे लिहा. पेपर परत येतो तेव्हा मार्जिनमधे बारीक अक्षरात प्रश्न असतात, कोणते विद्यार्थी? कोणत्या वयाचे? कशाच्या तुलनेत? कसं मोजलं? मला पहिल्यांदा राग आला होता खरा. मी रोज बघते ना बाबा डोळ्यांनी! पण हा राग मी इथे मुद्दाम लिहितेय कारण माझ्यासारख्या अनुभवी म्हणवणाऱ्या लोकांना अभ्यासात पहिला अडथळा हाच येतो असं माझं मत झालंय. वय, विसरायला होणं, वेळ नसणं हे सगळं नंतरचं. पहिला अडथळा म्हणजे 'मुलं अशी करतात' हे वाक्य तिथे चालत नाही, आणि आपलं आख्खं व्यावसायिक आयुष्य त्या वाक्यावर उभं असतं.

एक उदाहरण घेते, सगळ्यांच्या परिचयाचं. ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस लावायचा. पहिल्या काही महिन्यांत शिकवला जाणारा नियम, पुस्तकात अर्ध्या पानात मावतो, परीक्षेत रिकाम्या जागा भरताना सगळ्यांना येतो, आणि तेच विद्यार्थी पाच वर्षांनी मुलाखतीत 'माय ब्रदर वर्क इन अ बँक' म्हणतात. स्टाफरूमचं निदान, लक्ष नाही, सराव नाही. मीही हेच म्हणत आले.

तर १९७३ मधे रॉजर ब्राउन यांनी तीन लहान मुलांचं बोलणं खूप दिवस रेकॉर्ड करून छापलं, इंग्रजी मातृभाषा असलेली मुलं बरं का, आणि त्यांनी तपासलेल्या चौदा व्याकरणिक तुकड्यांपैकी हा एस बऱ्यापैकी उशिरा पक्का होतो असं दिसलं, आयएनजी आणि अनेकवचनाच्या एसच्या खूप नंतर. पुढच्याच वर्षी ड्यूले आणि बर्ट यांनी इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणारी मुलं बघितली, काहींची मातृभाषा स्पॅनिश, काहींची चिनी, आणि दोन्ही गटांचा क्रम एकमेकांशी बराच जुळला. हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसले. म्हणजे अनेकवचनाचा एस आणि क्रियापदाचा एस, आवाज तोच, लिहायला अक्षर तेच, आणि एक लवकर येतो, दुसरा येता येत नाही.

का, याचं एक उत्तर पीनेमान हे भाषासंशोधक देतात आणि ते मला फार आवडलं कारण ते मुलांना आळशी ठरवत नाही. अनेकवचनाचा एस लावताना डोक्याला त्या एका शब्दसमूहापुरतंच बघावं लागतं, टू बुक्स, झालं काम. क्रियापदाचा एस लावताना मात्र कर्त्यापासची माहिती, तृतीय पुरुष, एकवचन, धरून ठेवायची, वाक्याचा सांधा ओलांडायचा आणि क्रियापदापर्यंत ती सुखरूप न्यायची, आणि हे सगळं बोलता बोलता, समोरचा वाट बघत असताना. रिकाम्या जागा भरताना वेळ असतो म्हणून जमतं, बोलताना नसतो म्हणून गळतं. नियम माहीत असणं आणि तो धावत्या बोलण्यात चालवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी, हे आपण म्हणतोच, पण वेगळ्या का ते कोणी असं समोर मांडून दाखवलं नव्हतं.

इथे थांबले असते तर मी स्टाफरूममधे जाऊन नवीन एक वाक्य मुक्कामाला ठेवलं असतं, 'एस उशिराच येतो, संशोधन आहे'. पण अभ्यासक्रम थांबू देत नाही. पुढच्या आठवड्याच्या वाचनात २००९ चा लुक आणि शिराई यांचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, त्यात जपानी, कोरियन आणि चिनी मातृभाषेचे विद्यार्थी हा क्रम तसाच्या तसा पाळत नाहीत, मालकी दाखवणारा एस त्यांना लवकर जमतो आणि आर्टिकल्स, म्हणजे ए आणि द, उशिरा, म्हणजे पहिली भाषा मधे हात घालतेच. त्याच्याही आधी २००१ मधे गोल्डश्नायडर आणि डीकायझर यांनी जुने अभ्यास एकत्र करून म्हटलेलं की हा क्रम काही गूढ नाही, कानावर किती ठळक पडतं, किती वेळा पडतं, अशा साध्या गोष्टींनी त्यातला बराच भाग समजावता येतो. मग आता खरं काय? असं विचारल्यावर आमच्या ट्यूटर शांतपणे म्हणाल्या की तेच तर तुम्ही पंधराशे शब्दांत लिहायचंय.

पेपरमधलं खरं असं असतं. ते आपल्याला उत्तर देऊन घरी पाठवत नाही.

आता दुसरा विषय, चुका सुधारणं, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि अजून घालवतेय. एका मॉड्यूलसाठी स्वतःचा तास रेकॉर्ड करून त्यातला थोडा भाग ट्रान्सक्राइब करायचा होता. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांनी एकदा करून बघावं, त्यासाठी डिग्रीची गरज नाही. स्वतःचा आवाज ऐकणं हा वेगळाच त्रास, तो सोडा. पण प्रत्येक शब्द, प्रत्येक अं, प्रत्येक अर्धवट वाक्य, कोण कोणाच्या बोलण्यावर चढलं हे लिहून काढताना काही मिनिटांच्या आवाजाला अख्खी संध्याकाळ जाते, आणि तितका वेळ आपण आपल्या तासाकडे आयुष्यात कधी बघितलेला नसतो.

ट्रान्सक्रिप्टमधे आधी दिसतो तो साचा. मी प्रश्न विचारते, कोणीतरी उत्तर देतं, मी त्याच्यावर शेरा मारते, गुड, व्हेरी गुड, ऑलमोस्ट. परत प्रश्न. सिंक्लेअर आणि कुल्थार्ड यांनी १९७५ मधेच हा तीन पायऱ्यांचा साचा नोंदवून ठेवलाय, वर्गाबाहेर कोणी असं बोलत नाही, विचार करा ना, रस्त्यात कोणाला वेळ विचारायची आणि त्याने सांगितल्यावर 'शाब्बास' म्हणायचं. दुसरी दिसते ती शांतता, म्हणजे तिचा अभाव. मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंदांवर नेलं तरी मुलांची उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलं बोलायला लागतात, मुलं स्वतः प्रश्न विचारतात. विज्ञानाच्या वर्गात ही गत, आणि आमच्या वर्गात तर मुलाला आधी उत्तर सुचायचं, मग ते परक्या भाषेत जुळवायचं! तीन सेकंद वर्गात उभं राहून थांबून बघा. फार लांब असतात ते.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे रीकास्ट, चूक आहे असं न सांगता तेच वाक्य बरोबर करून परत म्हणणं. मूल म्हणतं 'यस्टरडे ही गो टू मार्केट', आपण म्हणतो 'ओह, ही वेंट टू द मार्केट, अँड देन?' आणि मूल म्हणतं 'अँड देन ही बाय अ बॅग'. आपल्या मते आपण चूक सुधारली. मुलाच्या मते टीचरना गोष्ट आवडली, पुढे सांग म्हणतायत. लिस्टर आणि रांता यांचा १९९७ चा अभ्यास याच्यावर आहे, कॅनडातले फ्रेंच इमर्शनचे वर्ग, म्हणजे जिथे बाकीचे विषयही फ्रेंचमधूनच शिकवतात, चार शिक्षक, अठरा तासांच्या वर रेकॉर्डिंग. शिक्षकांनी दिलेल्या एकूण फीडबॅकपैकी ५५ टक्के रीकास्ट होते, आणि त्यांतल्या जेमतेम ३१ टक्के वेळा विद्यार्थ्याने त्यावर काही प्रतिक्रिया दिली. उलट शिक्षकाने स्वतः उत्तर न देता विद्यार्थ्याकडूनच काढून घ्यायचा प्रयत्न केला, 'यस्टरडे ही...?' असं अर्धवट सोडून, तर प्रत्येक वेळी विद्यार्थी काहीतरी बोललेच.

हे वाचल्यावर कोणीही म्हणेल की चला, रीकास्ट बंद. पण (आता तुम्हाला सवय झाली असेल) लगेच या मेल्या संशोधकांचा 'पण' येतो. एक तर प्रतिक्रिया दिली म्हणजे शिकलं असं नाही, मूल पोपटासारखं आपलं वाक्य परत म्हणेल आणि उद्या तेच चुकवेल, आणि गप्प बसलेलं मूल कदाचित मनात नोंद घेत असेल. दुसरं म्हणजे लिस्टर यांनीच पुढे मोरी यांच्याबरोबर २००६ मधे अमेरिकेतले जपानी इमर्शनचे वर्ग बघितले तिथे रीकास्टनंतर मुलं स्वतःची चूक बऱ्याच जास्त वेळा सुधारताना दिसली, कारण त्या वर्गांत भाषेच्या रूपाकडे लक्ष द्यायची, मोठ्याने म्हणायची सवय आधीपासून होती. मूल ज्या वर्गात बसलंय तिथे कान कशाकडे लावलेले असतात त्यावर सगळं अवलंबून. या बाबतीत रिचर्ड श्मिट यांचं मला कौतुक वाटतं, हा भाषाशास्त्राचा माणूस ब्राझीलमधे पोर्तुगीज शिकला आणि त्याने स्वतःची डायरी आणि स्वतःच्या बोलण्याची रेकॉर्डिंग्ज हाच डेटा केला. लक्षात आल्याशिवाय शिकणं होत नाही हा त्यांचा १९९० चा सिद्धांत त्याच अनुभवातून आलेला. म्हणजे अनुभव चालतो तर! फक्त तो लिहून ठेवलेला, तारीख घातलेला, दुसऱ्याला तपासता येईल असा लागतो.

लेखी चुकांबद्दलचं भांडण तर सिरियल बघावं तसं मी वाचलं. १९९६ मधे जॉन ट्रस्कॉट यांनी लिहिलं की निबंधातल्या व्याकरणाच्या चुका सुधारून देणं बंद करा, उपयोग नाही, उलट नुकसान आहे. गठ्ठेच्या गठ्ठे लाल करून मान मोडलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटेल विचार करा, एका डोळ्यात आनंद आणि एका डोळ्यात पाणी. डाना फेरिस यांनी १९९९ मधे उत्तर दिलं, ट्रस्कॉट यांनी परत उत्तर दिलं, मग पुढची काही वर्षं लोक प्रयोग करत बसले. बिचनर आणि इतरांनी एकाच गोष्टीवर लक्ष ठेवून, म्हणजे फक्त ए आणि द यांचे ठरावीक वापर, फीडबॅक दिला तर त्यात टिकाऊ सुधारणा दिसते असं दाखवलं. त्यावर विरोधकांचं म्हणणं की वर्गात कोण नुसतं ए आणि द तपासतं? बरोबर आहे त्यांचंही. पालक वही उघडून विचारतील की बाकीच्या चुका टीचरना दिसल्या नाहीत का.

मी काय करते सध्या? एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर खूण, आणि ती कोणती हे आधी वर्गाला सांगून. याला माझ्याकडे पुरावा म्हणावा असा काही नाही, वाचनातून पटलं म्हणून करते आणि गठ्ठा लवकर संपतो म्हणूनही करते.

मधेच थोडं विद्यार्थी असण्याबद्दल, कारण ते विचारायचं लोक टाळतात. इंग्रजी शिकवणाऱ्यांना पेपरचं इंग्रजी सोपं जात असेल हा गोड गैरसमज आहे. एकेका वाक्यात क्रियापद शोधावं लागतं. पहिलं पान, मग शेवटची चर्चा, मग पद्धत, मग आकडे, अशा उलट्यासुलट्या क्रमाने वाचायला मला एका माझ्या निम्म्या वयाच्या वर्गमैत्रिणीने शिकवलं, आणि आकड्यांपाशी आलं की मी अजूनही तिलाच फोन करते. स्वतः लिहायला बसलं की ठामपणा आवरावा लागतो, वर्गात आपण 'हे असंच असतं' म्हणून मोकळे होतो, इथे 'या मर्यादित माहितीवरून असं दिसण्याची शक्यता आहे' म्हणेपर्यंत रात्र होते. आणि डेडलाइन! मुदत वाढवून मागणारा मेल लिहिताना मी वापरलेली कारणं बघून माझे विद्यार्थी आनंदाने नाचले असते.

आता माझी तक्रार. हंगेरीतले इंग्रजीचे प्राध्यापक पेतर मेद्येश यांनी २०१७ मधे एका लेखात उघड म्हटलं की शिक्षकाला या संशोधनाचा फारसा उपयोग नाही, आणि त्यावर मोठा वाद झाला. मला ते पूर्ण पटत नाही, पण दुखणं कुठे आहे ते कळतं. बरेचसे पेपर पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. युनिव्हर्सिटीचं लॉगिन आहे तोवर मी राणी, डिग्री झाली की दरवाजा बंद. प्रयोग बऱ्याचदा कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर, लहान गटावर, काही आठवड्यांचे, आणि ज्या वर्गात बाकं कमी आणि मुलं जास्त तिथला डेटा शोधावा लागतो. प्रश्नही असे की बघून वाटतं हा मोजता येतो म्हणून निवडलाय. वर्गात ज्याने आपली झोप उडते तो प्रश्न मोजायला अवघड असतो, म्हणून तो शेवटच्या परिच्छेदात 'पुढील संशोधनासाठी' म्हणून ढकललेला.

इथेच मला एन. एस. प्रभू आपले वाटतात. १९७९ ते १९८४ मधे बंगलोर प्रोजेक्ट चालवलेला हा माणूस, नियम न शिकवता मुलांना विचार करायला लावणारी कामं देत इंग्रजी शिकवायचा प्रयोग, म्हणजे पद्धत काढणाऱ्यांपैकीच एक. आणि त्यांनीच १९९० मधे लिहिलं की सर्वोत्तम पद्धत अशी नसतेच. शिक्षकाला आपल्या शिकवण्यातून शिकणं कसं घडतं याची जी एक आतली समज असते, ती जागी आहे की शिकवणं यंत्रवत झालंय हे बघा, असा साधारण त्यांचा मुद्दा. मी हा लेख वाचला तेव्हा मला अनुभवाची जागा सापडली. उत्तर म्हणून माझा अनुभव कच्चा आहे, कोणते विद्यार्थी आणि कशाच्या तुलनेत या प्रश्नांपुढे तो टिकत नाही. पण कुठला प्रश्न विचारण्यासारखा आहे हे मात्र मला त्या हुशार वर्गमैत्रिणीपेक्षा लवकर दिसतं, कारण ती पेपरमधली जी मोकळी जागा शोधत असते तिथे मी रोज खडू घेऊन उभी असते. स्टाफरूममधली ती मुक्कामी वाक्यंही मग वेगळी दिसायला लागतात, प्रत्येक वाक्य म्हणजे कोणीतरी विचारायचा राहिलेला प्रश्न. 'लाज वाटते म्हणून बोलत नाहीत', कोणासमोर? टीचरसमोर की शेजारच्या बाकासमोर? जोडीत बोलताना पण? हे नुसतं म्हणायच्या ऐवजी बघता येईल की!

डिसर्टेशनसाठी, म्हणजे डिग्रीच्या प्रबंधासाठी, मी असाच एक छोटा विषय घेतलाय, रीकास्टनंतर गप्प राहणारी मुलं. त्यांना ते कळलं होतं का, हे तासानंतर त्यांना तेच रेकॉर्डिंग ऐकवून विचारायचं, की इथे टीचर काय करत होत्या असं तुला वाटलं? ही पद्धत जुनी आहे, माझी नाही. सुपरवायझरनी विषय ऐकून अर्धा कापला, मग उरलेल्याचा अर्धा कापला, आता एकच इयत्ता, एकच प्रकारची चूक, भूतकाळाची रूपं, एवढंच उरलंय आणि तरी म्हणतात जास्त आहे.

सध्या गाडी एथिक्सच्या फॉर्मवर अडकलीये. स्वतःच्याच विद्यार्थ्यांवर अभ्यास करायचा तर ते टीचरना नाही कसं म्हणणार, हा परवानगी देणाऱ्या एथिक्स समितीचा आक्षेप अगदी रास्त आहे. म्हणून संमतीचे फॉर्म माझी सहकारी घेणार, मूल आणि पालक दोघांचे, मुलांना रेकॉर्डिंगही तीच ऐकवणार, आणि कोणी हो म्हटलं कोणी नाही हे मार्क लागेपर्यंत मला कळणार नाही. इतकं ठरलं. पण एखाद्याने नाही म्हटलं तर वर्गाच्या रेकॉर्डिंगमधून त्याचा आवाज वेगळा कसा काढणार असं समितीने विचारलंय, आणि वर्गात तर सगळे एकदम बोलतात. एक मोठा माइक पुढे ठेवायच्या ऐवजी हो म्हटलेल्या जोड्यांच्या बाकावर छोटे रेकॉर्डर ठेवता येतील का, आणि ते ठेवले तर कोणी नाही म्हटलं हे मला तिथेच कळणार नाही का, या गोल फेऱ्यात मी आहे. सगळ्याच बाकांवर रेकॉर्डर ठेवून त्यातले काही चालूच न करणं असा एक उपाय सहकारीने सुचवलाय, तो फॉर्ममधे कसा लिहायचा ते आज रात्री बघते.